मावशीचा कोश माझ्या पोटात

मित्रांनो, मी एक जुना टेक्स्ट एडिटर आहे. संगणकातली लिहायची पाटी म्हणा, म्हणजे झालं. मला रंगीत अक्षरं जमत नाहीत की चित्रं. करड्या पडद्यावर काळी अक्षरं, एवढाच माझा संसार. चार हौशी प्रोग्रामरांनी मिळून मला घडवलं आणि जाता जाता माझ्यात एक दार उघडं ठेवलं. ज्याला जे हवं असेल ते त्यानं त्या दारातून आत आणून जोडावं. बरीच वर्षं त्या दाराकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मी मावशीच्या घरी कामाला होतो. ती अख्ख्या इमारतीची मावशी, म्हणून माझीही. ती भाषांतरं करायची. मिक्सर कसा धुवावा, खोकल्याचं औषध कधी घ्यावं, असलं काय काय तिनं माझ्यावर लिहिलं. मी अक्षरन् अक्षर सांभाळलं. पण खरं सांगतो, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हमालाला गोणीत काय आहे हे कुठं ठाऊक असतं? तिनं ‘समुद्र’ लिहिला काय नि ‘साबण’ लिहिला काय, मला दोन्ही सारखेच.

मग एका प्रकाशकानं तिला मुलांसाठीचं एक पुस्तक भाषांतराला दिलं. समुद्राच्या तळाशी, जिथं उजेड कधीच पोचत नाही, तिथं राहणाऱ्या प्राण्यांचं ते पुस्तक होतं. मावशी हरखून गेली. “जन्मभर मिक्सर धुतले, आता जरा खोल पाण्यात उतरते,” म्हणाली. पण पुस्तक अर्ध्यावर आलं आणि डोळ्यांनी दगा दिला. नजरेच्या मधोमध एक धुरकट ठिपका आला. माझ्यावरची अक्षरं मोठी करता येत होती, पण टेबलावरच्या जाडजूड शब्दकोशांतली मुंगीएवढी अक्षरं कशी मोठी करणार? भिंग लावून एक शब्द शोधेपर्यंत समोरच्या चहाचं गार पाणी व्हायचं. ठिपका वाढत जाणार, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याआधी पुस्तक पुरं करायचं, हा तिला एकच ध्यास लागला.

तिची भाची ठमी प्रोग्रामर. मावशीची धडपड पाहून ती एका सुट्टीच्या दिवशी माझ्यासमोर ठाण मांडून बसली. माझं ते उघडं दार तिनं हेरलं आणि मावशीच्या टेबलावरच्या चारही शब्दकोशांच्या संगणकातल्या प्रती मिळवून माझ्यात जोडून टाकल्या. मित्रांनो, ते मी कोणत्या शब्दांत सांगू! एका शब्दावर कर्सर नेऊन तिनं दोन बटणं दाबली आणि माझ्या आत पहिल्यांदा अर्थ उतरला. त्या अर्थात आणखी शब्द होते, आणि त्या प्रत्येकाला पुन्हा अर्थ होता. कुठं तळच लागेना. इतकी वर्षं मी हे वाहत होतो? मी थक्क झालो.

ठमीचा उत्साह तर उतू चालला होता. “मावशी, बटणं दाबायचेही कष्ट नकोत तुला. नुसती शब्दावर आलीस की अर्थ आपोआप समोर!”

“गुणाची गं माझी पोर ती,” मावशी म्हणाली.

आणि त्या दिवसापासून तिचं लिहिणं अडलं. कारण तिची रीतच वेगळी होती. परिच्छेद एका दमात लिहायचा. शब्द अडला तर तिथं फुली मारायची आणि पुढं जायचं. “वाटेत थांबलं की वाक्य दमतं,” म्हणायची. परिच्छेद संपला की खिडकीशी जाऊन मान मोकळी करायची आणि मग फुल्या सोडवायला बसायची. आता शब्दाशब्दाला अर्थ दाखवणारी माझी चौकट टपकत होती. आधीच नजरेत ठिपका, त्यात मी आडवा! पण सांगितलेलं काम करणं एवढंच मला येतं.

ठमी फोनवर विचारायची, “कसं चाललंय गं?”

“झकास!” मावशी म्हणायची. पोरीनं हौसेनं केलेलं, तिचं मन कसं मोडायचं? शेवटी तिनं प्रकाशकाला फोन केला. “पुस्तक दुसऱ्या कुणाला द्या. माझ्याच्यानं आता होत नाही.” फोन ठेवून तिनं टेबलावरचं पुस्तक मिटलं आणि बाजूला सारलं. मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

ही बातमी ठमीला कळली आणि ती धावत आली. “डोळे एवढे बिघडलेत? लिही बघू माझ्यासमोर.”

मावशी लिहू लागली. चौकट आली. माशी वारावी तसा मावशीनं हात हलवला. पुन्हा चौकट, पुन्हा हात. ठमी बघतच राहिली.

“अगं, मग बोलली का नाहीस?”

“तू एवढा जीव ओतलास. मदतच आडवी येते म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?”

ठमीनं कपाळावर हात मारून घेतला. मग दोघी शेजारी शेजारी बसल्या. मावशी सांगत गेली आणि ठमी मला बदलत गेली. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. फुल्यांचे शब्द परिच्छेद संपल्यावर एकदम पुढं ठेवायचे. कोणता कोश आधी उघडायचा, तेही मावशीनंच ठरवलं. शेवटी ठमीनं एक पाचवा कोश जोडला. तो कोरा होता.

“हा कुणाचा?”

“तुझा.”

मावशीनं प्रकाशकाला फोन करून पुस्तक परत मागून घेतलं. दुसऱ्याच दिवशी एक मासा अडला. चारही कोशांनी हात वर केले. मावशी खिडकीशी गेली, परत आली आणि कोऱ्या कोशात तिनं लिहिलं, ‘कंदिल्या: डोक्यावर स्वतःचा दिवा घेऊन अंधारात हिंडणारा मासा.’ मित्रांनो, आधी जगात नसलेला शब्द माझ्यासमोर जन्माला आला. त्या वेळी मावशी मला समुद्राहून खोल वाटली.

पुस्तक पुरं झालं. ते छापून आलं तेव्हा मात्र ठिपक्यानं सगळी नजर व्यापली होती. मावशीनं पानांवरून हात फिरवला, वास घेतला आणि पुस्तक ठमीच्या हाती दिलं. ठमी मोठ्यानं वाचू लागली आणि एका शब्दाशी थांबली.

“मावशी, तळकाळोख म्हणजे गं?”

“त्याला विचार. लिहून ठेवलंय.”

ठमीनं तो शब्द माझ्यावर लिहिला आणि बटणं दाबली. मी पाचवा कोश उघडला. ‘तळकाळोख: समुद्राच्या तळाचा अंधार. तिथं राहणारे सुखानं राहतात. भिऊ नये.’

ठमीला पुढं वाचवेना. मावशीनंच चाचपडत तिचा हात शोधला आणि धरून ठेवला.

मित्रांनो, मी आता फार जुना झालो आहे. मला बदलून नवा आणा, माझी तक्रार नाही. पण घरातलं कुठलंही जुनं यंत्र पुसून टाकण्याआधी जरा थांबा. कुणी त्यात स्वतःचे अर्थ लिहून ठेवले आहेत का, ते बघा. त्यातला एखादा तुमच्यासाठीच असेल.