माद्यांचं पुढच्या पेपरात

पेपर छापायला मंजूर झाला की धैर्यशील सरांच्या घरी मटणाचं जेवण, ही त्यांच्या प्रयोगशाळेची जुनी रीत. कोल्हापुरात रस्सा उकळल्याशिवाय आनंद झाला असं कोण मानतंय? सरांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी शिवलीला लिंगायताच्या घरची, तिला मटण चालत नाही. म्हणून बाकीची मंडळी हॉलमध्ये जेवायला बसली की सरांची बायको अनुजावहिनी तिचं ताट स्वयंपाकघरात वेगळं वाढायच्या. भांडीसुद्धा वेगळी. माहेरी आल्यागत वाटायचं तिला.

या खेपेला मात्र घास उतरत नव्हता.

पेपर तिच्याच कामावरचा. पोराचं लक्ष लागावं, त्यानं एका जागी बसावं म्हणून डॉक्टर जी गोळी देतात, तीच पांढऱ्या उंदरांना महिनोन्‌महिने पाण्यातून पाजायची, मग बंद करायची आणि मागं काय उरतंय ते बघायचं. निम्मे नर, निम्म्या माद्या. गोळी थांबल्यावर नर पहिल्यासारखे झाले. माद्या झाल्या नाहीत. मोकळ्या पेटीत सोडलं की भिंतीला चिकटून पळायच्या, जरा खुट्ट झालं की अंग चोरायच्या. शिवलीलानं नव्या माद्या घेऊन सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं.

आणि छापलं काय, तर नुसत्या नरांचं. वर मथळ्यात ऐटीत 'उंदीर' म्हणून मोकळे! त्या माद्यांनी सरांचं काय घोडं मारलं होतं, देव जाणे.

“अगं, माद्यांचं पाळीसारखं चक्र असतंय, त्यांचे आकडे हलतात,” सर म्हणाले होते. “पेपर तपासणारे हज्जार शंका काढत बसतील. माद्यांचं पुढच्या पेपरात बघू की.”

तिनं मान डोलवली होती. सरांनी तिला बोट धरून शिकवलेलं, त्यांच्यावर अविश्वास कसा दाखवायचा? पण मनात दुसरीच धाकधूक होती. कोडोलीला तिच्या थोरल्या बहिणीची, आक्काची, पोरगी सौंदर्या. तीच गोळी दोन वर्षं खात होती. दुसऱ्यांदा तसंच आलं तेव्हा शिवलीला तडक सरांच्या केबिनमध्ये गेली होती.

“सर, माझी भाची हीच गोळी खाती. काय करू?”

सर हसले होते. “उंदीर म्हंजे पोरगी न्हवं, शिवलीला. डोक्यातनं काढून टाक. बिनघोर चालू ठेवा म्हणावं.”

आणि तिनं ते आक्काला जसंच्या तसं सांगितलं होतं.

तेवढ्यात सरांची नऊ वर्षांची मोना स्वयंपाकघरात घुसली, ओट्यावरची पापडाची चवड उधळली आणि पापड घेऊन पळाली.

“बघ कशी उंडारतीया,” वहिनी ताटात भाकरी वाढत म्हणाल्या. “गोळी बंद झाल्यापासनं घर डोक्यावर घेतलंय नुसतं.”

शिवलीलाचा हात ताटातच थांबला. “कुठली गोळी?”

“तुमची तीच की, उंदरांना देता ती.”

“बंद कधी केली?”

“तुझ्या माद्यांचं दुसऱ्यांदा तसंच आलं न्हवं का, तवाच. हे घरी आले ते थेट डॉक्टरांना फोन. पोरीची जात हाय, कशाला जोखीम घ्यायची म्हणाले. डॉक्टरांनी हळूहळू कमी करत थांबवली.” वहिनींनी भाकरीवर तूप सोडलं. “तुझे लई उपकार हाईत बघ आमच्यावर.”

बिचाऱ्या वहिनी! त्यांना काय ठाऊक. शिवलीलाच्या अंगाची मात्र लाही लाही झाली. म्हणजे या माणसानं ज्या आठवड्यात तिला बिनघोर राहा म्हणून सांगितलं, त्याच आठवड्यात घरी जाऊन आपली लेक वाचवली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! विश्वासानं मान दिली आणि यानं केसानं गळा कापला.

ती तशीच खरकट्या हातानं हॉलमध्ये गेली.

“सर, मोनाची गोळी बंद केलीत?”

सरांचा वाटीकडं गेलेला हात मागं आला. हॉलमधली सगळी बघायला लागली. “घरातलं हाय ते, शिवलीला. हितं कशाला?”

“सौंदर्याबी कुणाच्या तरी घरातलीच हाय की.”

“तसं ठाम काय सिद्ध झालेलं न्हाई अजून. बस, जेवून घे, मग बोलू.”

“मोनासाठी पुरेसं सिद्ध झालं व्हय?”

सरांनी खाली मान घालून रस्सा भुरकला. शिवलीला हात धुऊन, चपला घालून बाहेर पडली आणि फाटकाशी उभी राहून तिनं आक्काला फोन लावला.

“आक्का, सौंदर्याची गोळी एकदम बंद करू नकोस. उद्या मी येते, आपण डॉक्टरांकडं जाऊ. मी जे बघितलंय ते मीच त्यांना सांगते.” आणि मग तिनं माद्यांचं सगळं सांगून टाकलं, सरांचंही.



“त्यांचं ऱ्हाऊ दे,” आक्का म्हणाली. “ते परकं माणूस. माद्या तर तूच बघितल्या हुत्यास न्हवं?”

“व्हय.”

“मी तुझ्या शब्दावर देत हुतो गं पोरीला,” ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.