पुनमच्या स्वयंपाकघराचं कुलूप

मित्रांनो, तोंड बंद ठेवणं हा ज्याचा जन्मभराचा धंदा, तो आज बोलायला बसलाय, याचं नवल वाटू देऊ नका. मी एक जुनं पितळी कुलूप आहे. लातूरच्या एका निवासगृहात स्वयंपाकघराच्या दारावर माझी नेमणूक आहे. रंगरूप गेलं, पण खटका अजून ठणठणीत आहे.

मला कुणी घडवलं ते आठवत नाही. आठवतो तो लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या दुकानातला खिळा. तिथून भूकंपाच्या साली किल्लारीकडच्या एका गावातल्या वैजनाथनं मला विकत घेतलं. त्याचं घर पडलं होतं, माणसं वाचली होती. पत्र्याच्या शेडला लावायला त्याला कुलूप हवं होतं. त्या शेडमध्ये चोरण्यासारखं काय होतं ते देवाला ठाऊक! पण दाराला कुलूप असलं की माणसाला आपलंही घर आहे असं वाटतं.

त्याच शेडमध्ये पुढच्या वर्षी त्याची लेक पुनम जन्मली. पोर अगदी ढिली, मऊ. रडायची नाही, दूध ओढायची नाही. तिची आई सिंधु बोळ्यानं दूध पाजायची आणि म्हणायची, "एकदा तरी मागून खा गं माय."

चार वर्षांची झाल्यावर पुनम मागू लागली. सिंधुनं हौसेनं शेजारणींना बोलावलं. "बघा, माझी लेक मागून खायली!" मग ते मागणं थांबलंच नाही. कच्चं पीठ, गुरांची पेंड, दुसऱ्याच्या चुलीवरचं कोरड्यास-कालवण, काहीच सुटेना. लोक तिला हावरी म्हणू लागले. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, हा उपजत आजार आहे. प्राडर-विली त्याचं नाव. पोट भरल्याचा निरोप हिच्या मेंदूला पोचतच नाही. जेवून उठली तरी भूक तशीच. आणि शरीराला तर इतरांपेक्षा कमीच अन्न पुरतं. डॉक्टर म्हणाले, अन्न हिच्या नजरेआड ठेवा.

तोवर पक्कं घर मिळालं होतं. सिंधुनं मला तिथल्या स्वयंपाकाच्या खोलीला लावलं आणि किल्ली गळ्यातल्या पोतीत ओवली.

"पोटच्या पोरीपासून भाकर कोंडायलीस व्हय?" शेजारची मल्लम्मा विचारायची. सिंधु किल्ली पदराखाली सारायची. मला मात्र मल्लम्माचा भारी राग यायचा.

पण सिंधुचं खरं दुखणं वेगळंच होतं. ती शेतातून आली की पुनम धावत यायची. नजर मात्र आईच्या हातातल्या गाठोड्यावर, नाहीतर गळ्यातल्या किल्लीवर. "एकदा माझ्या तोंडाकडं बघ की," सिंधु म्हणायची. पुनम किल्लीकडे बघतच "व्हय" म्हणायची. सिंधु तोंड फिरवून चुलीपाशी जायची. आपल्या लेकीनं आपल्याला एकदा डोळे भरून बघावं, एवढंच त्या बाईला हवं होतं.

मग ती येळवस आली. वेळा अमावास्येला आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारायची, मिसळीच्या भाजीची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील मांडायची, आणि वाटेनं जाणाऱ्याला हाका मारमारून जेवू घालायचं. नको म्हणणाऱ्यावर लोक रुसतात. पुनम तेव्हा विशीतली होती. सिंधुचा डोळा चुकवून ती बांधाबांधानं निघाली. प्रत्येक कोपीवर तिला प्रेमानं वाढलं गेलं. आधीच्या कोपीवर ती किती जेवली, हे कुणी विचारलं नाही. येळवशीला असं विचारायची रीतच नाही. दुपारी ती बांधावर आडवी झाली, पोट तटतटून फुगलेलं. मी घरीच होतो. हे सगळं मला कळलं ते मल्लम्मा आमच्या दारात बसून रडली तेव्हा. "मी तर मायेनंच वाढले गं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. डॉक्टरांनी सांगितलं, पोट फाटायचंच काय ते राहिलं होतं.

पुढे वैजनाथ वारला. एकट्या सिंधुला राखण झेपेना. लातूरला कुसुमताई नावाच्या निवृत्त शिक्षिकेनं याच आजाराच्या, मोठ्या झालेल्या लेकरांसाठी घर काढलं होतं, ऐन शिकवण्यांच्या गल्लीत. सिंधुनं पुनमला तिथं ठेवलं. नव्या जागी ती बिथरली, जेवण मिळेल का म्हणून सारखी रडायची. तेव्हा सिंधु मला गावाहून घेऊन आली. ओळखीचं कुलूप दारावर दिसलं, म्हणजे आत जेवण आहे हे कळलं, आणि पुनम निवळली. इथं जेवण मोजून आणि वेळेवर मिळतं, अधेमधे कुणालाच काही मिळत नाही. चित्राचे तुकडे जुळवण्यात तर आता पुनमचा हात कुणी धरत नाही.

सिंधु भेटायला येते तेव्हा गल्लीतून पाठीला दप्तरं लावलेल्या मुलींचे थवे जात असतात. त्यांच्याकडे बघत ती कुसुमताईंना म्हणते, "ह्यातल्या एकीनं तरी ह्या भुकंवर औषध काढावं."

लेकीवाचून येळवशीला सिंधुच्या घशाखाली घास उतरत नसे. म्हणून यंदा कुसुमताईंनी तिला शिदोरी घेऊन इथंच बोलावलं. अंगणात छोटी कोप उभारली, सगळ्यांची ताटं मोजून वाढली. पुनम बघता बघता जेवली, ताट पुसून घेतलं. मग तिची नजर आईजवळच्या गाठोड्यावर खिळली. त्यात उंडे उरले होते. मी कडीला उघडाच लटकत होतो.

पुनमच्या कपाळावर घाम आला. सिंधुचा हात गाठीकडे गेला. "अजून एक खातीस का?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"न्हाई," पुनम म्हणाली. "आत ठिव. कुलूप लाव आय. ते दिसायलंय तवर मला दुसरं काहीच दिसंना."

सिंधु उठली. गाठोडं आत ठेवलं, दार ओढलं आणि दोन्ही हातांनी मला दाबलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतक्या आनंदानं मी कधी मिटलो नव्हतो.

पुनमचा श्वास संथ होईपर्यंत तुम्हाला एक विनंती करून घेतो. मित्रांनो, कुठं अन्नाला कुलूप दिसलं तर ते लावणाऱ्या माणसाला लगेच निर्दय ठरवू नका. पुनमसारखी कुणी तुमच्या दारी आली तर तिच्याशी बोला, तिला जवळ बसवा, पण हातावर घास ठेवण्याआधी तिच्या माणसांना विचारा.

पुनमनं एकदा मला ओढून पाहिलं. मी घट्ट होतो. मग ती आईसमोर येऊन बसली आणि सावकाश मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आय," ती म्हणाली, "तुजे केस पांढरे झाले की गं."