जड सेल

"माझी मेंढी तुझ्या पाळीत मेली. मला मेंढी पायजे," शेराली माझ्या अंगनात उभा ऱ्हाऊन म्हनला. समदी आळी बघत व्हती. शेराली कोन? माझा चुलतभाऊ, एका ताटात जेवलेला. आता गावात दुकान टाकून बसलाय.

आमच्या नारिनच्या डोंगराकडं मेंढरं पाळीनं राखत्यात. आज माझ्या घरानं समद्या आळीची चारायला न्यायची, उद्या दुसऱ्यानं. मेलं, हरवलं तर मेंढराला मेंढरू भरून द्यायचं. मालक माझा रशियात कामाला, म्हंजे पाळी माझ्याच बोकांडी.

थंडी हाडं फोडत व्हती, जुने सेल बसले व्हते, म्हनून पाळीच्या आदल्या दिवशी शेरालीकडं बॅटरीसाठी सेल आनायला गेले. दुकानात दोन जातीचे व्हते. मी दोनी तळव्यावर तोलले. कोकरू घेताना आमी तसंच करतो. उचलायचं, जड लागलं की घ्यायचं. एक जात अगदीच हलकी व्हती. मी इचारलं, "थंडीत कुठला टिकंल? खरं सांग बाबा."

"तुझा हात कधी चुकलाय व्हय, अक्का? जड तेच घे."

घेतले. पाळीच्या दिवशी सांजंला हिम सुरू झालं. कळप गोळा करून मोजला, तर एक मेंढी कमी. घळीत उतरले, बॅटरी लावली, तर मिनमिन उजेड, आन् जरा वेळानं तोबी गेला. हाका मारून घसा बसला. मग हाका ऐकून शेराली धावत आला. मेंढी त्याची व्हती ना! त्याच्या बॅटरीनं समदी घळ लख्ख दिसली. मेंढी तळाला पडली व्हती. लांडग्यानं तिचं पोट फाडलं व्हतं.

मी त्याच्या हातातली बॅटरी हिसकली न् उघडली. आत हलके सेल.

हे समदं मी आळीसमोर सांगितलं. मेल्याला लाज न्हाई. म्हनला, "जड माल थंडीत बसतो, ठावं व्हतं मला. पर गेल्या सालापास्नं पडून व्हता. कुनाला तरी खपवायचाच व्हता."

वडीलधारे ओसोर आजोबा म्हनले, सेलाचं पाप त्याच्या माथी, पर पाळीचा नेम मोडता येत न्हाई. मी माझी गाभन मेंढी सोडली. दोरी त्याच्या हातात देताना म्हनले, "मी भन म्हनून इचारलं व्हतं रं, गिऱ्हाईक म्हनून न्हवं."

तो दोरी ओढत गेला. 

दुसऱ्या दिवशी पाळी शेरालीचीच. काय करनार? मेंढरं कोंडून ठेवली तर घालू काय त्यांच्यापुढं? उजाडल्यावर ऱ्हायलेली चार टाळकी घेऊन त्याच्या दारात गेले. काल नेलेली मेंढी मला बघून पळत आली न् मीठ मागायला माझा हात चाटाय लागली. शेराली बघत व्हता. मी तिला त्याच्या कळपात ढकलली, माझीबी त्याच्याच हवाली केली, आन् घरला आले.