जाणतीला कुणी सांगितलं?

शाळेजवळच्या शिवणाच्या दुकानात त्या दुपारी दहाजणी जमल्या होत्या, पण गणवेशाचं माप द्यायला एकही पुढे येईना. सगळ्यांच्या माना एकाच फोनवर वाकलेल्या. मध्येच एकजण किंचाळली, "बघ! म्हटलं होतं ना, तिला कळणारच!" बाकीच्यांनी तोंडावर हात ठेवले.

"काय कळलं? कुणाला?" दुकानाच्या मालकिणीने ओठांतल्या टाचण्या काढत विचारलं. तिची भाची याच शाळेत, म्हणून सगळ्या मुली तिला आत्याच म्हणत.

"जाणतीला, आत्या! तिला सगळ्यांचं सगळं कळतं."

जाणती म्हणजे फोनमधली बाई. बाई की बुवा, एक की चार, ते कुणी पाहिलं नव्हतं. मिटल्या डोळ्यांचं एक चित्र आणि खाली ओळ, 'तू बोलू नकोस, मी ऐकते.' मुली तिला प्रश्न पाठवत, आणि उत्तराआधी ती असं काही सांगे की अंगावर काटा यावा. तुझे वडील महिनाभर घरी आलेले नाहीत. गणिताच्या पेपरात तू पुढचीचं पाहून लिहिलंस. आणि हे सगळं फुकट! "एक पैसा न घेणारी बाई खोटं कशाला बोलेल?" असा निकाल आत्याच्या वहिनीने देऊनही टाकला होता.

आत्याला तो पटला नव्हता. फुकट मिळालेल्या कापडाला कुठेतरी भोक असतंच, हा तिचा पंचवीस वर्षांचा अनुभव. पण मुलींचं खूळ, चार दिवसांत उतरेल, असं म्हणून तिने कात्री उचलली. तिथेच ती चुकली.

तिच्या भाचीचं घरातलं नाव बटणी. तिसऱ्या वर्षी याच दुकानात तिने शर्टाचं बटण गिळलं, तेव्हापासून ते चिकटलं. आता ती पंधरा वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी तिला फिट्स यायला लागल्या. मग सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी सुरू झाली, आणि गेल्या दीड वर्षात एकदाही फिट आली नव्हती. शाळेत मात्र हे कुणाला कळू द्यायचं नाही, अशी तिची अट होती.

शनिवारी वहिनी आपल्या लेकीचा, बटणीचा, आखूड झालेला स्कर्ट घेऊन आल्या. आत्याने खालची दुमड उसवली, तशा टेबलावर टपटप गोळ्या पडल्या. पांढऱ्या, बारीक. मोजल्या तर अकरा.

वहिनींनी एक गोळी उचलून उलटसुलट पाहिली. "माझ्या डोळ्यांदेखत गिळते हो ती, ताई!"

आत्याने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "ओरडू नका, लगेच घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "या गोळ्या मनाने बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे."

दवाखान्यात बटणीने सगळं सांगितलं. हा आजार नव्हेच, ही भीती आहे, असं जाणती म्हणाली होती. एकवीस दिवस गोळी सोड. कुणाला सांगितलंस तर पुन्हा पडशील. एकविसाव्या दिवशी बरी झाल्याचा व्हिडिओ पाठव, म्हणजे इतरांनाही वाट दिसेल.

"आणि तू ऐकलंस?" वहिनींना रडू आवरेना.

"तिला बाथरूमचं माहीत होतं, आई! आत फिट आली, दार तोडलं ते, ओठाला टाके पडले ते. न सांगता कळलं तिला!"

डॉक्टरांनी चित्र काढून आजार समजावला. बटणीने मान डोलावली, घरी येऊन सगळ्यांसमोर गोळी घेतली, आणि आत्याने सहज हनुवटी वर केली तर गोळी जिभेखालीच होती. त्या दिवसापासून गोळी झाली की वहिनी अर्धा तास लेकीशी गप्पा मारत बसू लागल्या. पण असा पहारा जन्मभर कोण देणार? मुलीच्या मनातून ती बाई निघाली नाही, तर पोरगी हातची जाणार, एवढं आत्याला स्वच्छ दिसत होतं.

"प्रश्न विचारायला काय मागते गं ती?" दुसऱ्या दिवशी दुकानात तिने विचारलं.

बटणी दोऱ्याचं रीळ फिरवत राहिली. मग म्हणाली, "चावी."

"कसली?"

"दुसऱ्या कुणाचं तरी गुपित. नावासकट लिहायचं. दुसऱ्याचं दुःख माझ्याकडे सोपव, तुझं दार उघडेल, असं म्हणते ती. एका प्रश्नाला एक चावी."

आत्याचं मशीन थांबलं. "म्हणजे चाव्या तुम्हीच पुरवायच्या, आणि कुलूप उघडलं की टाळ्याही तुम्हीच वाजवायच्या?"

"पण माझं मी फक्त चष्मिशला सांगितलंय! ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. शपथ घेतलीय तिने."

शपथेपुढे शहाणपण चालत नाही, हे आत्या जाणून होती. तिने वाद सोडला आणि आपल्या धंद्यातली युक्ती काढली. तिच्याकडे एकाच रंगाचे पन्नास-पन्नास गणवेश येत. सरमिसळ होऊ नये म्हणून ती प्रत्येकाच्या कॉलरच्या आत निराळ्या रंगाचा एक टाका घाली. कपडा कुठूनही फिरून आला तरी टाका सांगे, हा कुणाचा. या वेळी तिने टाके थापांना घातले.

चष्मिशचं माप घेताना ती हळूच म्हणाली, "कुणाला बोलू नकोस हं, मला डाव्या डोळ्याने दिसत नाही." बटणीच्याच वर्गातल्या लांब वेणीवालीला सांगितलं, "लहानपणी मला पळवून नेलं होतं." वर्गाच्या मॉनिटरला सांगितलं, "माझं ठरलेलं लग्न मोडलंय." आणि बटणीला, सुईत दोरा ओवता ओवता, "पुढच्या महिन्यात दुकान विकतेय. आईलाही कळू देऊ नकोस."

पाच दिवसांनी तिने चौघींना बोलावलं आणि त्यांच्यासमोर स्वतःच्या फोनवरून जाणतीचं दार ठोठावलं. नाव लिहिलं, शाळेजवळची शिवणवाली आत्या. चावी म्हणून तिने आपल्या शिलाई मशीनचंच दुःख लिहिलं. 'माझ्या मैत्रिणीचा पाय वीस वर्षं कुरकुरतो, बिचारी कुणाला सांगत नाही.'

'तिची वेदना मला पोचली,' जाणतीचं उत्तर आलं. 'तिने फार सोसलंय.'

"सोसलंय खरं," आत्या म्हणाली. "तेल घालायचं राहून गेलंय."

मॉनिटर पुढचं मोठ्याने वाचू लागली. 'लेकी, तुझ्या मनात वादळ आहे.'

"मनात नाही, गुडघ्यात आहे. पुढे वाच."

'तुझा डावा डोळा अंधारात आहे. लहानपणी परक्यांनी तुला उचलून नेलं. मोडलेल्या लग्नाचा घाव अजून भरलेला नाही.'

मुलींचे चेहरे उतरले. आत्याने उजवा डोळा तळहाताने झाकला आणि दुसऱ्या हाताने, मशीनच्या सुईत पहिल्याच झटक्याला दोरा ओवला. "हा माझा आंधळा डोळा. पळवून मला कुणी नेलं नाही, माझी बडबड कोण ऐकणार? आणि लग्न ठरलंच नाही, तर मोडेल कुठून! तिघींना मी तीन थापा मारल्या. तिन्ही पोचल्या."

"म्हणजे तूच!" बटणी चष्मिशवर उसळली. "माझं बाथरूमचं तूच सांगितलंस!"

चष्मिश हुंदके देऊ लागली. "आईबाबा वेगळे होणार का, एवढंच विचारायचं होतं गं मला. माझ्याकडे दुसरी चावीच नव्हती."

"अजून एक ओळ आहे," मॉनिटर चाचरत म्हणाली. 'आणि दुकान विकायला काढलंयस, ते घरच्यांपासून लपवू नकोस.'

आत्याने फक्त बटणीकडे पाहिलं. बटणीचा चेहरा आधी कोरा झाला, मग कानापर्यंत लाल.

"तू आम्हाला सोडून जाशील असं वाटलं," ती कशीबशी म्हणाली. "तिला विचारायचं होतं. मग... मीही दिलं."

आपण जिंकलो की बरं वाटेल, असा आत्याचा अंदाज होता. बरं बिलकूल वाटलं नाही. चार पोरी एकमेकींकडे न बघता उभ्या होत्या, आणि चौघींच्याही मनातलं दुःख खरं होतं. खोटी होती ती फक्त ऐकणारी. "दुकान कुठे जात नाही," ती म्हणाली. "मीही नाही. बसा खाली."

मग वेणीवालीने आपला फोन पुढे केला. जाणतीचा कालचा निरोप होता. 'सांगेन तसा फोटो पाठव. नाहीतर तुझं गुपित उद्या सगळ्या वर्गाला कळेल.'

फुकट कापडाचं भोक आत्याला आता दिसलं. "पाठवलास?"

"नाही. आज पाठवणार होते."

आत्याने तिला जवळ ओढलं. "चूक तुझी नाही. एक अक्षर पुसू नकोस. हे सगळं पुरावा आहे."

त्याच संध्याकाळी वेणीवालीचे आईवडील, मुख्याध्यापिका आणि आत्या सायबर पोलिसांकडे जाऊन आले. खातं बंद झालं. त्यामागचा माणूस अजून सापडलेला नाही. आठवडाभरात फोनवर दुसरं चित्र आलं, या वेळी उघड्या डोळ्यांचं. नाव 'अंतरीची'. पहिल्याच दिवशी वर्गातल्या सहाजणी तिथे पोचल्या.

बटणीने दुकानातल्या स्टुलावर बसून वर्गाच्या ग्रुपवर लिहायला घेतलं. दोनदा लिहून खोडलं. शेवटी लिहिलं ते असं:

'मला फिट्स येतात. आता ही कुणाची चावी नाही. जाणतीला एक अक्षरही आपोआप कळलं नव्हतं. माझं माझ्या मैत्रिणीने सांगितलं, आणि मी माझ्या आत्याचं. घाबरलेल्या माणसाला घाईने उत्तर हवं असतं, म्हणून आपण फसलो. सगळं जाणणारं कुणी भेटलं, तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा, तुला हे सांगितलं कुणी? आणि ती म्हणाली कुणाला सांगू नकोस, तर आधी घरी सांगा.'

तिने ते पाठवलं. मग दप्तरातून गोळी काढली, पाण्याबरोबर गिळली आणि सवयीने जीभ दाखवायला तोंड उघडलं.

"मिट ते," आत्या म्हणाली, आणि तिने मशीन सुरू केलं.