आक्काची खिडकी

बिद्रीच्या पलीकडच्या एका खेड्यात जुन्या शाळेचा लग्नकार्यासाठी हॉल करायचं ठरलं. सगळ्यांत जास्त आनंद बयाबाईला झाला आणि सगळ्यांत मोठं भांडणही तिनंच काढलं. नवी शाळा रस्त्याकडेला गेल्यापासून ही दगडी इमारत नुसती कुलपात पडून होती. आता कौलं बदलली, तुळयांना तेल लागलं, भिंती उजळल्या. पण मागची खिडकी बुजवून तिथं स्टेज करायचं निघालं आणि बयाबाई खिडकीखाली फतकल मारून बसली.

कमिटीचा अध्यक्ष तिचाच धाकटा भाऊ, पिराजी.

"आक्का, उठ की! गवंडी खोळंबलाय."

"न्हाय उठत. खिडकी बुजवायची न्हाय."

"अगं, लग्नात वारं शिरंल, समया इझतील!"

"इझूंदेत. हितनं शाळा शिकलेय मी."

गवंडी फिदीफिदी हसला. पिराजीनं मात्र खिडकीकडं बघितलं. लहानपणी शाळेत घातलं ते त्याला. आक्काच्या हाती म्हशीचं दावं दिलं. ती म्हैस रोज नेमकी या खिडकीखालीच चरायची, तिथं गवताची काडी नसली तरी. आत पिराजी सतराच्या पाढ्याला अडखळला की बाहेरून हळूच आवाज यायचा आणि त्याची छडी चुकायची. हे त्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"विटा ने परत," पिराजी गवंड्याला म्हणाला. "स्टेज समोरच्या अंगाला घेऊ."

बयाबाईचा जीव भांड्यात पडला. अध्यक्ष झाला तरी पोरगं अजून ऐकतं, असं तिनं गल्लीभर सांगितलं.

उद्घाटनाला सारं गाव आत बसलं. बयाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली, पण पाय सवयीनं मागंच वळले. खिडकीचे गज धरून ती बाहेर उभी राहिली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. या इमारतीचा उंबरा तिनं जन्मात ओलांडला नव्हता.

स्टेजवरून पिराजीनं तिला बघितलं आणि भाषण तिथंच सोडलं.

"आक्का, दार हिकडं हाय!" तो माईकवरच ओरडला.

सगळ्या माना वळल्या. लाजत लाजत वळसा घालून ती दारात आली, चपला काढल्या, पण पाय पुढं पडेना. खिडकीतून रोज ऐकलेलं, पण तिला कधीच म्हणायला न मिळालेलं वाक्य तोंडातून निघून गेलं.

"गुरुजी, आत येऊ का?"

अख्खा हॉल हसला. पिराजी हसला नाही. त्यानं गुरुजींसारखा आवाज काढून विचारलं.

"उशीर का केलास?"

"म्हस राखत हुते, गुरुजी," बयाबाई म्हणाली आणि आत आली.