पडद्याला बांधलेली तार

मी एक जुना कप्पा आहे. कपड्यांचा नव्हे, विजेचा. पंपगृहाच्या मागच्या खोलीत आम्ही काही लोखंडी कप्पे खांद्याला खांदा लावून उभे आहोत. आमच्यातून गेलेल्या विजेवर पंप फिरतात आणि पंप फिरले की गावच्या नळांना पाणी येते.

मित्रांनो, आधी माझी रचना समजून घ्या. तिच्यावाचून पुढचे कळणार नाही. माझ्या पाठीत तांब्याच्या जाड पट्ट्या आहेत. त्यांत अकरा हजार व्होल्टची वीज अष्टौप्रहर असते. माझ्या पोटात चाकांवरचा ब्रेकर बसतो. बिघाड झाला की वीज आपोआप तोडायची, हे त्याचे काम. साफसफाईसाठी त्याला ओढून बाहेर काढता येते. पण तो बाहेर आला तरी पाठीतल्या पट्ट्या जिवंतच राहतात. म्हणून मध्ये पत्र्याचा एक पडदा आहे. ब्रेकर आत शिरताना त्याचा दांडा माझी कळ दाबतो आणि पडदा वर सरकतो. ब्रेकर निघाला की पडदा स्वतःच्या वजनाने खाली येतो. टक्! त्या आवाजाचा अर्थ एकच, पट्ट्या झाकल्या गेल्या.

मी नवा होतो तेव्हा साहेब लोक पाहुण्यांना मला दाखवायला आणत. रंग असा की चेहरा दिसावा. मग वर्षे सरली. रंगाचे पोपडे निघाले, माझ्या मुठीला कुणी छत्री अडकवू लागले, तर कुणी डब्याची पिशवी. माझा ब्रेकर तेलाचा होता. ठिणगी तेलात विझायची. ते तेल काळे पडले, तरी कुणी बदलले नाही. शेवटी एकदा पंप अडकला आणि ब्रेकरला वीज तोडायला इतका उशीर झाला की तेल उकळून बाहेर आले. तेव्हा ठरले, कप्पा राहू द्या, ब्रेकर नवा आणा.

नवा ब्रेकर बनवायला माप हवे होते. माझे माप घ्यायचे तर पाणी बंद करावे लागले असते. शेजारचा कप्पा रिकामा होता, त्याचेच माप घेतले. सख्खे भाऊ ते, वेगळे कशाला असतील? पण शेजारी माझ्यानंतर आलेला. त्याची कळ माझ्यापेक्षा बोटभर खाली आहे.

ब्रेकर बसवायच्या दिवशी सगळी वीज बंद केली होती. कामाला फोरमन होता आणि त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, फिटर. फिटर इतका किडकिडीत की सगळे त्याला पैलवान म्हणत.

"दाजी, ताईचा फोन होता. घरात प्यायला पाणी नाही म्हणते."

"अख्ख्या गावाला नाही, तर तिला कुठून येणार? जा तू, पंपाकडे उभा राहा. हाक मारली की बघ नीट फिरतोय का."

पैलवान गेला. फोरमनने ब्रेकर आत ढकलला. तो अर्ध्यावर अडला. नव्या दांड्याला माझी कळ लागेना, पडदा उघडेना. साहेबांचे फोनवर फोन येत होते. फोरमनने कपाळाचा घाम पुसला, पडदा हाताने वर सारला आणि तारेचा तुकडा घेऊन तो वरच्या वर बांधून टाकला.

"पाणी तर येऊ दे," तो स्वतःशीच पुटपुटला. "दांडा काय, सवडीने करून घेऊ."

ब्रेकर बसला. पाणी आले. साहेबांनी फोरमनची पाठ थोपटली. सवड मात्र कधी मिळाली नाही. बिनबोभाट चालणारी तात्पुरती सोय माणसांना हळूहळू कायमची वाटू लागते, आणि पुढे तर ती आठवतही नाही. तार मला मात्र रोज जाणवत होती.

मग साफसफाईचा दिवस आला. बाकीचे पंप चालू ठेवायचे होते, म्हणून माझ्या पाठीतली वीज तशीच होती. पैलवानाने ब्रेकर बाहेर ओढला आणि तो थबकला.

"दाजी, पडद्याचा आवाज नाही आला."

"पलीकडे एवढे पंप गरजतायत. तुला काय सुई पडलेली ऐकू येणार आहे?"

"काठी लावून बघू का?" वीज आहे की नाही ते सांगणारी काठी भिंतीवरच टांगलेली होती.

"तुझी ताई सांगते ते खोटं नाही बघ. कुलूप लावून तीनदा ओढणारा माणूस तू! अरे, ब्रेकर बाहेर उभाय तुझ्या नाकासमोर. आणखी काय पाहिजे?"

दारातले मदतनीस हसले. पैलवानही हसला. दाजींपुढे किती ताणायचे? त्याने फडके उचलले आणि माझ्या अंधाऱ्या पोटात हात घातला.

मला हात असते तर मी त्याला मागे लोटले असते.

एक पांढरा लखलखाट झाला. पुढचे मी सांगणार नाही. मागून येणारी वीज तुटली, सगळे पंप थांबले आणि खोलीत अशी शांतता पसरली की खरोखर सुई पडली तरी ऐकू आली असती. फोरमन गुडघ्यांवर बसला होता. त्याची नजर वर गेली आणि त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, "तार..."

पैलवान परत आला नाही.

पुढे इंजिनिअर मॅडम आल्या. त्यांनी सगळी वीज बंद करून माझेच माप घेतले, नवा दांडा करवला आणि तार कापली. त्याच दिवशी ताई आली. फोरमन दाराबाहेरच उभा राहिला.

"काय चुकलं होतं ते मला दाखवा," ती मॅडमना म्हणाली.

मॅडमनी ब्रेकर बाहेर ओढला. टक्!

"एवढंच?"

"एवढंच."

"परत करा."

टक्!

"अजून एकदा."

तिसऱ्या आवाजानंतर ती पुढे झाली. पडद्यावर तळहात ठेवून तिने तो दाबून पाहिला. पडदा हलला नाही. मग ती वळली आणि नवऱ्याकडे न बघता त्याच्यासमोरून निघून गेली.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. नवा ब्रेकर बसवला तरी मी जुनाच राहतो, आणि माझे माप शेजाऱ्याला विचारून मिळत नाही. कुलूप तीनदा ओढून बघणारा कुणी तुमच्यात असेल तर त्याला हसू नका. त्याला काठी काढून द्या. आणि माझ्यात हात घालण्याआधी तो आवाज ऐका. ऐकू आला नाही, तर पंप थांबवा, गावाचे पाणी थांबवा, पण ऐका.