पानाचं छप्पर

नाश्त्याच्या टेबलावर पाहुण्याचा कॅमेरा हातोहात फिरत ताईपर्यंत आला. पडद्यावर निळ्या माशीमाराचं घरटं होतं. वाटीएवढं, शेवाळाचं, आणि काठावर तीन उघड्या चोची. फोटो झकास होता. पण ते घरटं असं कुठूनच दिसत नसे. त्याच्यावर नेच्याचं रुंद पान आडवं यायचं. ताई स्वतःसुद्धा काठीला आरसा बांधून, खाली वाकूनच पिल्लं बघायची.

ती जागा तिने एकाच माणसाला दाखवली होती. ते माणूस आत्ता स्वयंपाकघरात अंडी फेटत होतं.

"धाकटे, पान कोणी कापलं?"

"कसलं पान?" बहिणीने मान वर केली नाही.

"माझ्यापुढे वेड पांघरू नकोस."

"बरं बाई, मी कापलं. एक पान! जंगलात काय पानांचा दुष्काळ पडलाय? पाहुणे धुक्यात चाचपडून कंटाळले, बॅगा भरायला लागले. तुझं बरंय, तुला पक्षी नाही दिसला तरी चालतो. मला या पाहुण्यांच्या पैशावर घर चालवायचंय."

"कोणाला सांगणार नाही म्हणाली होतीस."

"सांगितलं नाहीच मुळी. नेऊन दाखवलं." आणि ती लहानपणी खोडी पकडली गेल्यावर हसायची, तशीच हसली.

ताई तशीच बाहेर पडली. या खोऱ्यात पाऊस थांबला तरी झाडं थांबत नाहीत. ढग पानांवर साचतो आणि दिवसभर ठिबकत राहतो. पक्षिणीने ते पान उगाच निवडलं नव्हतं. त्याच्या टोकावरून थेंब घरट्याबाहेर पडायचे. आता वरच्या फांदीचं पाणी सरळ वाटीत गळत होतं. देठ तिरका, साफ कापलेला होता. कात्री चांगली होती. ताईनेच ती धाकटीला बागेसाठी दिली होती.

दोन पिल्लं गार पडली होती. तिसऱ्याने आरशाची चाहूल लागताच, आई आली समजून, चोच उघडली.

कापलेलं पान खालीच पडलं होतं. ताईने स्वेटरचा धागा उसवला, पान वरच्या फांदीला बांधलं, टोक बाहेर वळवलं आणि लांब जाऊन बसली. पक्षीण अळी घेऊन आली. त्या पानाकडे बराच वेळ संशयाने बघत राहिली, मग आत शिरली.

ते एक पिल्लू उडालं. धाकटीला ताईने ते सांगितलं. मेलेल्या दोघांचंही सांगितलं. धाकटी रडली, ताईने तिला पाणी दिलं. विषय तिथेच संपला.

पुढच्या हंगामात एका संध्याकाळी ताई परतली, तेव्हा तिच्या बुटांना ओढ्यापलीकडची लाल माती होती.

"यंदा कुठे घातलंय गं घरटं?" धाकटीने चहा ओतता ओतता विचारलं.

"यंदा नाही दिसलं."

धाकटीचा लगेच विश्वास बसला. ताई आजवर तिच्याशी कधी खोटं बोललीच नव्हती.